वर म्हणजे नेमकं कुठं?

आमच्या घरात पूर्व-पश्चिम हे शब्द फक्त वास्तुशांतीला निघतात. एरवी वर, खाली आणि पल्याड. वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या फुगवट्याजवळ आमचं गाव. कुणी "वर गेलाय" म्हटलं की तो जोर गावाच्या बाजूला, म्हणजे पाऊस येतो तिकडे. "खाली" म्हणजे वाई, सातारा. बाजार, कोर्ट, दवाखाना. "पल्याड" म्हणजे कृष्णेच्या दुसऱ्या काठाला, जिथं मामा राहतात. एवढ्या तीन शब्दांत कुठलाही माणूस शोधून काढता येतो. नदी जाते तिकडे खाली, सरळ हिशोब.

हा हिशोब पहिल्यांदा मोडला डेहराडूनला. नोकरीची पहिली दोन वर्षं तिथं काढली. दून म्हणजे खोरंच, असं ऐकून गेलो होतो. उत्तरेला मसुरीची रांग, दक्षिणेला शिवालिक, दोन्हीकडे डोंगर बघून बरं वाटलं. म्हटलं आता नदी तेवढी सापडली की झालं, घरी आल्यासारखंच. पण एक नदी काही सापडेना. असन नावाची नदी एका बाजूला जाऊन यमुनेला मिळते आणि सुसवा-सोंग उलट्या बाजूला जाऊन गंगेला. खोरं एक, पाण्याची तोंडं दोन, आणि पाणलोटाची रेघ शहराच्या अंगाखालूनच गेलेली. घरमालकांना विचारलं, इथं वर कुठं? म्हणाले, "ऊपर तो मसूरी है." त्यांचंही बरोबरच होतं. तिथं वर-खाली डोंगरावरून ठरतं, नदीला कुणी विचारत नाही.

पुढं समजलं की ते खोरं नदीनं खोदलेलंच नाही. हिमालयाच्या रेट्यानं पुढची जमीन सुरकुतली, शिवालिक उभे राहिले आणि मधे खोलगट पट्टा उरला. तो वरून वाहत आलेल्या दगडगोट्यांनी भरत गेला. आमचं खोरं अगदी उलट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आडवे थर आणि त्यांत नदी करवतीसारखी खाली उतरत गेलेली. एक भरून झालेलं, एक कोरून झालेलं.

हे मला पुस्तकाआधी गोट्यांनी सांगितलं. लहानपणी कृष्णेत पोहायला गेलो की गोटे गोळा करायचो. सगळे काळे. फार तर एखाद्यात पांढरे ठिपके, दही शिंपडल्यासारखे, आणि नशीब असेल तर आत चमकणारी गारगोटी. डेहराडूनच्या कोरड्या पात्रात (तिथं अशा ओढ्यांना राव म्हणतात, बरं का) मी एका रविवारी बसून होतो. पांढरा, गुलाबी, जांभळट, हिरव्या पट्ट्यांचा, राखाडी. दहा गोटे उचलले तर दहा जातींचे. हिमालयाच्या किती तरी वेगवेगळ्या थरांचे तुकडे एका ओंजळीत. आमच्या नदीला बिचारीला एकच दगड मिळाला आयुष्यभर. दोन गोटे घरी आणले. आई म्हणाली, "नदीतला दगड असा रंगीत कसा असेल, रंगवलाय कुणीतरी."

तुम्हीही आपलं खोरं सोडून दुसरीकडे राहिला असाल. तिथं गेल्यावर डोळ्यांनी काय मोजलं, काय चुकलं? डोंगर, नदी, पाऊस, ऊन, माती, काहीही चालेल. पर्यटनाची वर्णनं नकोत, राहिलेल्यांनी सांगावं. (आलेली उत्तरं खाली, प्रत्येकाच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं गाव.)

मेढा, जि. सातारा (निवृत्त फौजी)

जय हिंद. सुरुवातीलाच एक तक्रार. आमच्या डोंगरापलीकडे कोयनेच्या काठाला तापोळा आहे, त्याला मिनी काश्मीर म्हणतात. मी काश्मीरला दोन वेळा मिळून पाच वर्षं होतो. तापोळा सुंदर आहे, वाद नाही. पण हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं काश्मीर पाहिलेलं नसावं.

आपल्याकडं खोरं म्हटलं की या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावर ऐकू जावी. निदान शेकोटी तरी दिसावी. काश्मीरचं खोरं लांबीला सव्वाशे किलोमीटरच्या वर आणि रुंदीला तीसेक. मधोमध उभं राहिलं तर सपाट भातशेती, पॉपलरची झाडं आणि डोंगर लांब कुठंतरी निळे. पहिल्या आठवड्यात मी जोडीदाराला विचारलं, "खोरं कधी येणार?" तो हसला. आम्ही चार दिवस खोऱ्यातच होतो.

दुसरी गंमत उंचीची. सगळ्यांना वाटतं काश्मीर म्हणजे आभाळात. श्रीनगरची जमीन समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरच्या आतबाहेर. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरची देवी श्रीनगरच्या बाजारपेठेच्या जवळपास बरोबरीला बसलेली आहे. आपल्याकडे जिथं डोंगर संपतो, तिथं त्यांच्याकडे भात लावायला सुरुवात होते.

वाईकरांच्या वर-खालीबद्दल. झेलम दक्षिणेकडच्या वेरीनागला उगवते आणि वायव्येला वाहते. श्रीनगरवरून वुलर तलावात, तिथून बारामुल्लाच्या फटीतून बाहेर. आमची वेण्णा, कृष्णा सगळ्या पूर्वेला किंवा दक्षिणेला उतरणाऱ्या. त्यामुळं डोक्यात बसलेलं की उत्तर म्हणजे उगमाकडची बाजू. तिथं उत्तरेकडं चाललो की नदी माझ्याबरोबर चालायची. वर्षभर मेंदू तक्रार करत होता. नदी पण अशी सुस्त की प्रवाह कुठल्या बाजूला आहे ते बघायला काडी टाकावी लागायची.

आणि केशर. पांपोरची केशराची रानं खोऱ्याच्या तळात नाहीत, ती उंचवट्यावर, सपाट माथ्याच्या मातीच्या टेकाडांवर आहेत. करेवा म्हणतात, स्थानिक लोक वुडर. पहिल्यांदा लांबून पाहिलं तेव्हा छातीत धस्स झालं, कारण ते हुबेहूब पाचगणीचं पठार दिसत होतं. जवळ गेलो तर जांभा नाही, कातळ नाही, नुसती पिवळट मऊ माती. हे सगळं खोरं कधीकाळी तळं होतं, त्याच्या तळाचा गाळ तो. आमच्या पठारावर पहार मारली तर ठिणगी उडते, तिथं नखानं उकरता येतं. मी बुटाच्या टाचेनं उकरून पाहिलं होतं. ऑक्टोबर संपत आलेला, जांभळी फुलं नुकती उमलायला लागलेली. शेतकरी ओरडला, बूट काढायला लावले.

पाऊस तिथं जूनमध्ये येत नाही. पीर पंजालच्या भिंतीनं मान्सून बराचसा अडवलेला. त्यांचं पाणी हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलात, बर्फ आणि पावसाच्या रूपात. जून लागला की मी सवयीनं आभाळाकडं बघायचो. तिथले लोक चेरी तोडत असायचे.

चिपळूणची लेक, कऱ्हाडची सून

वाईकर दादा, तुमचं वर पश्चिमेला. आमचं वर पूर्वेला! चिपळुणात "वर गेलेत" म्हणजे घाटावर गेलेत, कुंभार्ली चढून. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "वरच्या अंगाला ढग आलेत, वाळवण काढ." मी पूर्वेकडे पाहिलं, निरभ्र होतं. वाळवण भिजलं. माझा यात काही दोष नाही असं माझं अजूनही मत आहे.

अंतर म्हणाल तर माहेर-सासर शंभर किलोमीटरच्या आत. पण नद्यांचा स्वभाव दोन टोकांचा. माहेरची वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यावरून सुटते ती धडाधड खाली येते आणि दाभोळच्या खाडीत शिरते. सगळा प्रवास दिवसभराचा. सासरची कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर जन्मते आणि समुद्राकडे पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. मुलीला भूगोल शिकवताना ती म्हणाली, "आई, ही नदी वेडी आहे का?" नाही बाळ, उताराचा प्रश्न आहे. पश्चिमेला कडा तुटलेला, पूर्वेला परात थोडी कलती केल्यासारखं सगळं पठार.

सासरी आल्यावर सगळ्यांत नवल वाटलं ते नदीची पातळी दिवसाला दोनदा बदलत नाही याचं. चिपळूणला खाली गोवळकोटच्या बाजूला भरती-ओहोटी कळते. नदी म्हणजे थोडी समुद्राची सून, दोन्ही घरचं ऐकणारी. पूरही तसाच. वरून लोंढा आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट नसते. २२ जुलै २०२१ ला आमच्या माहेरच्या माळ्यावर चौदा माणसं बसून होती. कऱ्हाडलाही पूर येतो, पण तो बातमी देऊन येतो. वरच्या धरणातून किती सोडलं, किती वाजता इथं पोचेल, चौकाचौकात चर्चा. माहेरचा पूर दार वाजवत नाही.

आता खरी मजेची गोष्ट. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पुढं जातात. लग्न झाल्यावर तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा सासरे म्हणाले, "ही आमची कोयना." मी म्हटलं, "बाबा, थोडी आमचीपण आहे." कारण कोयनेचं धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणी लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवलं होतं. म्हणून भर मे महिन्यात शेजारच्या नद्यांत गोटे दिसत असताना वाशिष्ठीत पाणी असतं. निसर्गानं जे बंगालच्या उपसागराला द्यायचं ठरवलं होतं, त्यातलं थोडं माझ्यासारखंच घाट ओलांडून गेलं, फक्त उलट्या दिशेनं. सासरे त्यावर काही बोलले नाहीत. पण आता पाहुण्यांना ते स्वतःच हे सांगतात, आणि माझं नाव घेत नाहीत.

भोर, हिरडस मावळ

मावळतीकडचा मुलूख म्हणून मावळ, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. प्रत्येक मावळ म्हणजे बहुतेक एकेका नदीचं खोरं: पवनेचं पवन मावळ, मोसे नदीचं मोसे खोरं, वेळवंडीचं वेळवंड खोरं. आमच्याकडे माणसाची ओळख गावाआधी खोऱ्यानं होते. "कुठल्या खोऱ्यातली मुलगी?" असाच प्रश्न येतो.

मी दीड वर्ष मेघालयात, सोहऱ्याला (चेरापुंजी) एका प्रकल्पावर होतो. जाताना मित्र म्हणाले, पाऊस झेपेल का? मी म्हटलं, आम्ही घाटमाथ्याचे. गेल्यावर गप्प झालो. आपल्याकडे महाबळेश्वरचे सहा हजार मिलिमीटर म्हणजे कौतुकाचा विषय, तिथं अकरा हजारांच्या वर. पण जागा ओळखीची वाटली. पठाराची तुटलेली कड, खाली बांगलादेशाचं सपाट मैदान पाण्यानं चकाकणारं, आणि तिथून वर चढून येणारं ढगांचं लोट. वरंध्याच्या तोंडाशी उभं राहून कोकण बघावं तसंच, फक्त दिशा वेगळी. आपल्याकडे ढग पश्चिमेचे, तिथले दक्षिणेचे.

आणखी एक गोष्ट जशीच्या तशी: जानेवारीत प्यायच्या पाण्याची मारामार. एवढा पाऊस पडून बायका झऱ्यावर भांडी घेऊन रांगेत. उतार एवढा, की पडलं ते गेलं. आमच्या वरच्या धनगरवाड्यांत एप्रिलमध्ये हेच चित्र असतं. तिथल्या एका मावशींनी मला विचारलं, तुमच्याकडेही असंच असतं? हो म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. त्यांची समजूत अशी की खाली मैदानात राहणाऱ्या सगळ्यांना भरपूर पाणी मिळतं. भोर त्यांच्या लेखी मैदानच.

पूर्णाकाठ, खारपाणपट्टा

तुम्ही सगळे नदी, धबधबे करून राहिले. आमच्या खोऱ्यात पाणी हाये, पण ते पेता येत नाई!

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या मधून पूर्णा जाते. दोन्ही अंगाला कोसच्या कोस काळी चिक्कण माती, खाली खोलवर गाळच गाळ. दगड पाहायचा तर दुसऱ्या तालुक्यात जावं लागते. लहानपणी शाळेत मास्तरांनी "आपल्या परिसरातील खडक" आणायला सांगितले, आम्ही रेल्वे रुळावरची गिट्टी नेली. मास्तर काही बोलले नाहीत, त्यांनाही माहीत होतं.

विहीर खोदली की खारं पाणी. ओलित करावं तर जमीनच खराब होते, पांढरट थर धरते. त्यामुळे खोल काळी जमीन, पैशावाल्यासारखी दिसणारी, पण शेती सगळी आभाळाच्या भरवशावर. पावसाळ्यात त्या मातीत बैल पोटापर्यंत फसतो आणि उन्हाळ्यात तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. मी घालून पाहिला आहे, विंचवाची भीती न बाळगता.

बँकेत नोकरी लागली आणि बदली सांगलीला झाली. पहिल्या दिवशी घरमालकिणीनं बोअरचं पाणी प्यायला दिलं. मी अर्धा मिनिट तांब्या हातात धरून उभा. म्हटलं, काकू, हे बोअरचं? "मग कसलं?" जमिनीतून गोड पाणी येते हे मला सत्ताविसाव्या वर्षी समजलं. पण सांगलीकरांचंही पाहून राहिलो. तिकडे ऊस आणि पाणी बारा महिने, निचरा कमी, त्यामुळे नदीकाठच्या किती तरी जमिनी मिठानं फुटल्या आहेत. आमच्याकडे मीठ आधीपासून होतं, त्यांनी कष्टानं आणलं. एका खातेदाराला हे बोललो, तो रागावला.

अजून एक. वरच्या सगळ्यांच्या नद्या बंगालच्या उपसागराला किंवा कोकणात. आमची पूर्णा पश्चिमेला वाहते, चांगदेवला तापीला मिळते आणि सुरतेच्या खाली समुद्रात जाते. वऱ्हाडातलं पाणी गुजरातला जाते हे पुण्यात सांगितलं की लोक नकाशा काढतात.

साक्री (पांझरा खोरं), सध्या स्वित्झर्लंड

मी व्हालिस भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात राहतो. स्वित्झर्लंड म्हटलं की हिरवं, ओलं, गाईंच्या घंटा. आमच्या खोऱ्याच्या तळात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. साक्रीसारखाच कोरडा! दोन्ही बाजूंच्या उंच डोंगरांनी ढग अडवलेले. तुमच्या महाबळेश्वरच्या पाठीमागे माण-खटाव जसे पर्जन्यछायेत, तसे आम्ही आल्प्सच्या पोटात.

मग शेती कशी? हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेनं पाट काढून आणलेलं. फ्रेंच बोलणारे बीस म्हणतात, जर्मन बोलणारे झुओनं. काही पाट मध्ययुगातले. कुठं कडा सरळसोट असेल तिथं लाकडी पन्हाळ कड्याला टांगून पाणी पुढं नेलेलं. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पाटाची राखण करणारा माणूस ठरलेला. एका म्हाताऱ्या द्राक्षवाल्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, आमच्याकडे याला पाटकरी म्हणतात.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर आमची फड पद्धत शतकांपासूनची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. म्हणजे पाणी एकदम देता येतं आणि भांडण कमी. पाणी कुणाला किती, ते पाटकरी ठरवणार, शेतकऱ्यानं स्वतः पाटाचं बारं फोडायचं नाही. आजोबांनी एकदा रात्री फोडलं होतं, त्याचा दंड भरला आणि तो किस्सा घरात ऐंशी वर्षं चालला. द्राक्षवाल्यांना हे सांगितलं तर म्हणाले, आमच्या आजोबांनीही. पुढं दोघांनी मिळून बाटली संपवली.

फरक कुठं, तर ऋतूत. आमची पांझरा पावसाळ्यात भरते आणि मे महिन्यात वाळूत जाते. इथली नदी उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त भरलेली असते, कारण ऊन पडलं की बर्फ वितळतं. जानेवारीत बारीक, जुलैत दुथडी. पाण्याचा रंग दुधात राख कालवल्यासारखा, हिमनदीनं दगड दळून केलेलं पीठ ते. पहिल्या वर्षी जुलैत कडक ऊन, एक ढग नाही आणि नदीला लोंढा, हे बघून मी खरोखर घाबरलो होतो. आमच्याकडे असं झालं तर त्याचा अर्थ एकच: वर धरणाचं काहीतरी झालंय.

दुसरं म्हणजे ऊन. घर बघायला गेलो की इथं पहिला प्रश्न, खोऱ्याची कुठली बाजू? दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर द्राक्षमळे, गावं, महाग घरं. समोरच्या सावलीच्या उतारावर जंगल. नदीच्या दोन काठांत हवामानाचा एवढा फरक. काही गावांत हिवाळ्याचे कित्येक आठवडे सूर्य डोंगराच्या वर येतच नाही. धुळे जिल्ह्यातल्या माणसाला हे कसं समजावणार? आम्ही घर बांधताना उन्हापासून तोंड लपवतो. आईला फोनवर म्हटलं, दोनशे फ्रँक जास्त देऊन उन्हाचं घर घेतलंय. ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना रे भाऊ?"

भंडारा

आमचं खोरं दिसत नाही. वैनगंगा एवढी पसरट जमिनीवरून जाते की आपण खोऱ्यात राहतो हे मला बारावीच्या पुस्तकातून कळलं. वर, खाली काही नाही. आमच्याकडे पत्ता तलावावरून. "मोठ्या तलावाच्या पारीजवळ", "बोडीच्या मागं" (बोडी म्हणजे लहान तळं). माजी मालगुजारी तलाव, ज्यांना मामा तलाव म्हणतात, हजारोंनी आहेत. कोहळी समाजानं बांधलेले कितीतरी. जमिनीच्या हलक्याशा उताराला मातीची पार घातली की झालं तलाव. डोंगर लागत नाही, दरी लागत नाही. डोळ्यांना न दिसणारा उतार ज्याला दिसला तो खरा माणूस.

पुण्यात आल्यावर मुळशीला नेलं मित्रांनी. दरीच्या काठावर उभं केलं. सगळे म्हणाले, काय वाटतं? खरं सांगू, मला वाटलं एवढी जागा वाया गेली, धान कुठं लावणार. मग उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची खाचरं दाखवली. एकेक खाचर आमच्या अंगणाएवढं. त्या माणसांबद्दल आदर वाटला, पण मी तिथं शेती नाही करणार.

पाटण, सध्या कॅलिफोर्निया

थोडक्यात लिहितो. इथल्या सेंट्रल व्हॅलीला व्हॅली का म्हणतात ते मला चार वर्षांत पटलेलं नाही. सातशे किलोमीटर लांब, टेबलासारखी सपाट, बदाम आणि टोमॅटो. धुकं नसेल आणि हवा स्वच्छ असेल तर सिएरा नेवाडाचा बर्फ दिसतो, तेव्हाच दरीत असल्याचं कळतं.

उलटं गणित मात्र जबरदस्त. पाऊस हिवाळ्यात. टेकड्या जानेवारी-फेब्रुवारीत हिरव्यागार आणि जूनमध्ये सोनेरी वाळलेल्या. आमच्या पाटणला बरोबर त्या वेळी याच्या उलट. जूनमध्ये घरी व्हिडिओ कॉल केला की दोन्हीकडचे एकमेकांना म्हणतात, "काय रे, तुमच्याकडे दुष्काळ?" आणि "काय गं, एवढा अंधार का?"

जावळीचे, आता सोलापूर जिल्हा

वर फौजी काकांनी तापोळ्याचं लिहिलंय. ज्या पाण्यामुळं ते मिनी काश्मीर झालं, त्या पाण्याखाली आमचं गाव आहे. त्याबद्दल तक्रार मांडत नाही, विषय भूगोलाचा आहे.

१९६० च्या आसपास कोयनेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आमचे नाना पंधरा वर्षांचे. काही घरं डोंगरात वर सरकली, काही रायगड-ठाण्याकडे गेली, आम्हाला सोलापूरकडची जमीन मिळाली. पाच हजार मिलिमीटरच्या पावसातून सहाशेच्या आतल्या पावसात. नाचणी आणि वरी पिकवणारी माणसं, त्यांनी ज्वारीचं उभं रान पहिल्यांदा पाहिलं. पणजी म्हणे बांधावर उभी राहून रडली, का तर बांध कुठं संपतो ते दिसत नव्हतं.

नाना आजही सांगतात ते सूर्याचं. कोयना महाबळेश्वरहून निघते ती साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळते. म्हणजे आमचं खोरं उभं, उत्तर-दक्षिण, आणि पूर्वेला एक डोंगराची भिंत, पश्चिमेला दुसरी. सकाळी ऊन आधी पश्चिमेच्या माथ्यावर पडायचं आणि हळूहळू उतरत खाली यायचं. ते अमक्या आंब्यापर्यंत आलं की गुरं सोडायची, ओढ्यापर्यंत आलं की न्याहारी. संध्याकाळी सावली पश्चिमेकडून निघून नदी ओलांडायची, मग पूर्वेचा चढ चढायची. पाच वाजता खाली अंधारून यायचं आणि वरच्या माथ्यावर अजून तासभर सोनं. घड्याळ कुणाकडे नव्हतं, लागतही नव्हतं.

सोलापूरकडे आल्यावर सूर्य जमिनीतून उगवायला लागला आणि जमिनीतच बुडायला लागला. पहिला महिना सगळ्यांची जेवणं चुकली. दिवस मावळायची वाट बघत माणसं रानातच थांबायची, आणि दिवस काही मावळायचा नाही. नानांचे वडील म्हणायचे, "हितं दिवसाला कोन हाकलतच न्हाई."

एका वर्षी मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा मी नानांना गाडीनं तापोळ्याला नेलं, तिथून लाँचनं पुढं. गाळातून बांध वर आलेले, देवळाचा चौथरा, एक दगडी उखळ. मला वाटलं ते घर शोधतील. त्यांनी आधी पश्चिमेचा माथा बघितला, मग मनगटावरचं घड्याळ, आणि म्हणाले, "अजून अर्ध्या तासानं सावली हितं." आम्ही उखळावर बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी आली.

आमची इथली जमीन जवळपास सपाट आहे, किंचित कल आहे तो उत्तरेकडे. कालव्याचं पाणी दक्षिणेच्या तुकड्यातून उत्तरेच्या तुकड्यात उतरतं. तरी नाना उत्तरेच्या तुकड्याला "वरचं रान" म्हणतात, कारण कोयनेला वर म्हणजे उत्तर. नवा गडी लागला की पहिल्या आठवड्यात हमखास घोळ होतो. नाना सांगतात, "वरच्या रानात पाणी धर." गडी पाणी येतं त्या बाजूला, दक्षिणेला जातो आणि दारं धरून बसतो. परवाही झालं. नाना बांधावरून काठी हलवत ओरडत होते, "वर रं! वर!" आणि तो बिचारा पाण्यात उभा राहून आभाळाकडं बघत होता.